शिलेदारी : अनुभव नसताना स्वतंत्र व्यवसाय

शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली की कर्जत स्टेशनच्या फलाटावरचे आपले संभाषण बदलते. नोट्स आणि गाईडे मागे पडतात आणि जो तो एकमेकाला विचारू लागतो, "पुढे काय?" नोकरीची जाहिरात पाहावी तर तळाशी ठरलेली ओळ असते : दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. काम नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून काम नाही. वेड जाईना म्हणून लग्न होईना आणि लग्न होईना म्हणून वेड जाईना, त्यातलाच हा प्रकार!

या कोड्यातून निघण्याची एक वाट म्हणजे फ्रीलान्सिंग, अर्थात कोणाची कायम नोकरी न धरता कामागणिक मोबदला घेणे. शब्द इंग्रजी आहे. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ साली आलेल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीने तो रूढ केला. तिथे त्याचा अर्थ भाडोत्री भालाईत असा होता. पण आपल्याला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. शिवकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. म्हणजे नोकरदार हा बारगीर आणि फ्रीलान्सर हा शिलेदार.

शिलेदार हा शब्द ऐकायला रुबाबदार आहे, पण त्यातली मेख ध्यानात घ्यावी. घोडा स्वतःचा, म्हणून त्याचा चंदी-चाराही स्वतःचाच. घोडा जायबंदी झाला की शिलेदार पायउतार! आपल्या बाबतीत संगणक, वीज, इंटरनेट, शिकण्याचा वेळ, आजारपणाचे खाडे हा सगळा त्या घोड्याचा खुराक होय. भरपगारी रजा नाही, फंड नाही. हे ज्याने आधी हिशेबात धरले नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

काम आहे कोठे?

पहिला समज असा की असे काम फक्त मुंबईत मिळते. १९१५ साली खोपोलीचे आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. घाटावरचे पाणी आपल्याकडे खाली उतरे आणि त्याची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जाई. कष्टकरी माणसाला मात्र कामासाठी स्वतःच मुंबई गाठावी लागे. आज लेखन, भाषांतर, मुद्रितशोधन, चित्रांकन ही कामेही त्या विजेसारखी तारेवरून जाऊ शकतात. रोज लोकलमध्ये जाता-येता जाणारे चार-पाच तास वाचतात, ही आपली मोठी मिळकत.

तरीही पहिले काम दूरचे शोधू नये. ज्याला आपली ओळख नाही तो आपल्यावर विश्वास का ठेवील? कर्जत-खालापुरात कृषी पर्यटन केंद्रे आहेत, रोपवाटिका आहेत, फार्महाऊसे आहेत. त्यांना मराठी-इंग्रजी माहितीपत्रके लागतात, छायाचित्रे लागतात. आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याने तर मोडी लिपीकडे जरूर पाहावे. आपल्याकडच्या अनेक घरांत जुन्या ट्रंकेत मोडीतले कागद पडून आहेत आणि ते वाचणारे घरात कोणी उरलेले नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्याची किंमत साऱ्या महाराष्ट्राला कळली. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. चिकाटीने बसले तर लिपी काही महिन्यांत हाताखाली येते.

कोणी म्हणेल, आता भाषांतर यंत्रच करते, मग माणूस कशाला? यंत्र करते हे खरे, आणि साध्या मजकुराचे दर त्यामुळे उतरले आहेत हेही खरे. पण वरकस जमीन कोणती आणि दळी कोणती, हे यंत्राने चुकवले तर ती चूक ओळखणारा आणि खाली जबाबदारीने सही करणारा माणूस लागतोच. आपली शिलेदारी तिथे आहे.

अनुभवाऐवजी नमुना

ग्राहक अनुभव मागतो, म्हणजे खरे पाहता तो पुरावा मागतो. तो पुरावा स्वतःहून तयार करता येतो. एखाद्या शासकीय सूचनेचे दोन पानी सोपे मराठी रूपांतर करावे, घरच्या एखाद्या मोडी कागदाचे देवनागरीत लिप्यंतर करावे, शेजारच्या रोपवाटिकेचे माहितीपत्रक मालकाला विचारून लिहावे. असे तीन नेटके नमुने झाले, ते जाणत्या प्राध्यापकांकडून तपासून घेतले, की अनुभवाच्या रकान्यात लिहायला काहीतरी होते. नमुना फुकट करावा, काम मात्र फुकट करू नये. "आधी करून दे, पुढे पाहू" असे म्हणणाऱ्याचे ते 'पुढे' सहसा येत नाही.

दराचा हिशेब

दर सांगताना आपली जीभ अडखळते, म्हणून आधी कागदावर मांडावे. समजा, ३००० शब्दांचे भाषांतर आहे आणि दर शब्दाला १ रुपया. (हा दर प्रमाण नव्हे, केवळ उदाहरण.) तासाला २५० शब्द धरले तर १२ तास आणि तपासणीचे ४, असे १६ तास झाले. म्हणजे तासाला साडेसत्याऐंशी नव्हे, एकशे साडेसत्याऐंशी रुपये पडले. ऐकायला बरे वाटते. पण महिन्याच्या १६० तासांपैकी निम्मे काम शोधण्यात, पत्रे लिहिण्यात आणि पैशांच्या तगाद्यात जातात. उरले ८०. म्हणजे महिन्याला १५,००० रुपये, आणि घोड्याचा खुराक अजून वजा व्हायचा आहे!

कागद

आता माझी स्वतःची फजिती सांगते. मी केळवलीहून येते. बाबा खोपोलीला कंत्राटी कामगार आहेत. आईने बचत गटातून कर्ज काढून मला जुना संगणक घेऊन दिला. दुसऱ्या वर्षाला असताना एका पर्यटन केंद्राचे माहितीपत्रक मराठीत करण्याचे काम मिळाले. आठ रात्री जागून मी ते पूर्ण केले. मालकांनी तोंडभरून कौतुक केले. पत्रक छापले गेले, वाटलेही गेले. पैसे मात्र आले नाहीत. आधी "पुढच्या आठवड्यात", मग "सीझन झाल्यावर", मग फोन उचलणेच बंद. गटाचे दोन हप्ते चुकले आणि बैठकीत आईला सगळ्या बायकांसमोर मान खाली घालावी लागली. बाबा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "लिहून काय घेतलं होतंस?" मी काहीच लिहून घेतले नव्हते.

त्यानंतर मी कायदा वाचला. तो प्रत्येकाला ठाऊक असावा म्हणून थोडक्यात देते.

एक, काम सुरू करण्यापूर्वी पत्र. काम कोणते, शब्द किती, दर काय, मुदत कोणती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी. ई-मेलवर "मान्य" एवढे उत्तर आले तरी तो पुरावा होतो. नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

दोन, हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क सामान्यतः मालकाचा असतो, पण स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याचा हक्क त्याचाच राहतो. तो लेखी कराराशिवाय दुसऱ्याला देता येत नाही, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. छायाचित्रकारांनी मात्र सावध असावे. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळे ठरले नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो.

तीन, थकलेले पैसे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली एकट्याने सेवा देणारी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी करू शकते. ती विनामूल्य आहे. नोंदणी झालेली असेल तर काम स्वीकारल्यापासून ठरल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे देणे ग्राहकावर बंधनकारक होते. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. नोंदणी मात्र काम देण्यापूर्वीची हवी. माझी नव्हती.

चार, कर. कंपनी मोठी रक्कम देताना व्यावसायिक शुल्कातून साधारण १० टक्के कर आधीच कापते. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. म्हणून पॅन आणि पावत्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

शेवटी

हे सारे वाचून कोणी लगेच चालती नोकरी सोडू नये. घर एकट्याच्या मिळकतीवर चालत असेल, तर आधी बारगिरी करावी आणि संध्याकाळी शिलेदारी शिकावी. सहा महिन्यांचा खर्च गाठीला असल्याखेरीज घोडा मोकळा सोडू नये. मी स्वतः सकाळी शिकवण्या घेते आणि दुपारनंतर भाषांतराला बसते.

मागल्या दिवाळीपूर्वी एका रोपवाटिकेचे काम आले. पत्र पाठवले, निम्मे पैसे आगाऊ मागितले. मागताना हात कापत होता, पण त्यांनी काही न बोलता दिले. उरलेले अकराव्या दिवशी आले. गटाच्या वहीत आईने त्या दिवशी स्वतःच्या हाताने हप्ता मांडला.

असो. माझ्या त्या पहिल्या पत्राचा मसुदा मी ग्रंथालयात ठेवला आहे. नावे खोडली आहेत, दर खोडलेले नाहीत. धाकट्या भावंडांनी तो खुशाल उतरवून घ्यावा.

(तृतीय वर्ष कला)