थांबलेल्या काट्याचा अर्थ

पंचेचाळिशी ओलांडलेला एखादा लिपिक वा शिक्षक डॉक्टरांच्या सांगण्यावरून आहार आवरतो, पहाटे फिरावयास जाऊ लागतो आणि पहिल्या काही महिन्यांत त्याचे वजन पाच-सहा किलोंनी उतरते. घरी कौतुक होते, कार्यालयात चौकशी होते. पुढे मात्र काटा जागचा हलेनासा होतो. दोन-तीन महिने हीच अवस्था टिकली की धीर सुटतो आणि त्याबरोबर उतरलेले वजनही परत येते. या पराभवाचे खापर एक तर मनोनिग्रहाच्या अभावावर फोडले जाते किंवा वाढत्या वयावर. ही दोन्ही निदाने अपुरी आहेत. आणि अपुऱ्या निदानातून निघालेले उपाय अनेकदा मूळ दुखण्याहून महाग पडतात.

वयाचा प्रश्न आधी घेऊ. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या ऊर्जाव्ययाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचे आकारमान व घडण लक्षात घेता विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत हा व्यय जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात आढळले. घसरण सुरू होते ती साठीच्या सुमारास, आणि तीही दरवर्षी सुमारे ०.७ टक्क्याने. तेव्हा चाळिशी लागताच शरीराची भट्टी थंडावते, हा समज टिकत नाही. अर्थात, बैठ्या कामामुळे स्नायू रोडावतात, झोप उणावते, आणि स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाकडे सरकते, हे खरेच आहे. परंतु यांतील बराच भाग वयाचा नसून राहणीचा आहे.

हिशेबातील गफलत

एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, हे कोष्टक अनेकांना पाठ असते. रोज ३०० कॅलरी कमी खाल्ल्या तर महिन्याला सव्वा किलो आणि वर्षाला चौदा किलो, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब त्यावरून मांडला जातो. या हिशेबातील गफलत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या चटकन ध्यानात यावी. येथे खर्चाची बाजू स्थिर धरली आहे, आणि ती स्थिर नसते. हलक्या शरीराला चालण्यास, उठण्या-बसण्यास, किंबहुना नुसते जगण्यासही कमी ऊर्जा लागते. अमेरिकी शास्त्रज्ञ केविन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या गणितानुसार, रोजची सुमारे २४ कॅलरींची कायमची कपात अखेरीस एक किलो वजन उतरवते, त्यातील निम्मी घट पहिल्या वर्षात होते आणि उरलेलीस आणखी दोन वर्षे लागतात. म्हणजे त्याच ३०० कॅलरींच्या कपातीतून वर्षाला चौदा नव्हे, सहा किलो उतरतील आणि बाराएक किलोंच्या आसपास जमा-खर्चाचा नवा समतोल साधला जाईल. काटा थांबणे हे त्या समतोलाचे लक्षण आहे.

मग तो समतोल तीन वर्षांऐवजी सहा-आठ महिन्यांतच का येतो? कारण भूक. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च रोज वीस-तीस कॅलरींनी घटतो, तर भूक सुमारे शंभर कॅलरींनी वाढते, असे हॉल यांच्याच गटाच्या पुढील संशोधनात दिसून आले. पाच किलो उतरवलेला माणूस नकळत रोज पाचशे कॅलरींच्या ओढीशी झुंजत असतो. अशा वेळी चहातील साखर, फोडणीचे तेल, मधल्या सुट्टीतील फरसाण आणि सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा पेढा हळूच परत येतात. न्यूयॉर्कमधील एक प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. ‘काही केल्या वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या व्यक्ती आपला आहार प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्के कमी आणि श्रम ५१ टक्के जास्त सांगत असल्याचे त्यात आढळले. त्या खोटारड्या नव्हत्या. नोंद न ठेवलेला खर्च आठवत नाही, इतकेच.

उपाय कोणते?

यावर आहार निम्म्यावर आणणे हा उपाय नव्हे. त्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि समतोल आणखी खाली घसरतो. २०२५ साली भारतीय बाजारात आलेली साप्ताहिक इंजेक्शने प्रभावी आहेत खरी. परंतु तेथेही काही काळाने वजन स्थिरावते आणि औषध थांबताच त्यातील बरेचसे परत येते. सामान्य पगारदारास परवडणारे मार्ग अधिक साधे आहेत. दोन आठवडे तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहून काढावा. ताटातील भात-पोळीचा काही भाग उसळ, डाळ, दही वा अंडी यांस द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्याखेरीज दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. त्यास व्यायामशाळेची वर्गणी लागत नाही, बैठका पुरतात. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र आहारातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

याहून महत्त्वाचा प्रश्न मोजमापाचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले व ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण चरबी यडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय देहाबाबत वजनकाटा किती अपुरे सांगतो, याचा याहून बोलका पुरावा शोधावयास नको. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या आत असावी, हा निकष त्यामानाने अधिक उपयोगी.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ आहार व व्यायामाचे मार्गदर्शन दिले होते, त्यांच्यात तीन वर्षांच्या अखेरीस मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. विशेष हे की, त्यांच्या वजनात लक्षणीय घट झालेलीच नव्हती. काटा हलला नाही. रोग मात्र टळला.

मधल्या वयातील माणसाने ध्यानात ठेवावयाचे ते हेच. थांबलेला काटा पाहून जो पहाटेचे फिरणे सोडतो, तो नफा दिसत नाही म्हणून भांडवलच मोडून खातो. उतरलेले पाच किलो वर्षभर टिकवून धरणे, हीदेखील कमाईच होय. ती टिकावी यासाठी चालण्याजोगे पदपथ आणि उपाहारगृहात वड्याखेरीज काही मिळण्याची सोय नगरपालिकांनी व कार्यालयांनी केली, तर सारा भार एकट्या मनोनिग्रहावर पडणार नाही.