जोसेफसची साक्ष आणि कोकणातले बेने इस्राएल

प्राचीन ज्यू इतिहासकारांत अग्रगण्य ठरलेल्या फ्लेवियस जोसेफसचा जन्म इ. स. ३७ मध्ये जेरुसलेममधील एका पुरोहित घराण्यात झाला. इ. स. ६६ मध्ये रोमन सत्तेविरुद्ध उठाव झाला तेव्हा गालील प्रांतातील सैन्याची सूत्रे त्याच्याकडे होती. मात्र पुढच्याच वर्षी योदफात हे तटबंदीचे गाव पडताच तो शत्रूला शरण गेला, आणि इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर जळाले तेव्हा तो रोमन छावणीत होता. स्वजनांनी त्याला फितूर मानले, आणि तो राग अकारण नव्हता; तथापि पुढे रोममध्ये राहून त्याने युद्धाचा वृत्तांत आणि ज्यूंचा प्राचीन इतिहास लिहिला नसता, तर त्या काळाविषयीचे आजचे ज्ञान फारच तोकडे राहिले असते.

अलिबाग परिसरात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाला असा समकालीन ग्रंथकार लाभला नाही. नवगावजवळ गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, ही कथा तोंडीच चालत आली. तेल गाळणारी ही माणसे शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीसाठी, घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुंबईत १८७५ मध्ये समाजातील मुलांसाठी शाळा काढणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या आठवणी व चालीरीती एकत्र करून समाजाचा इतिहास लिहिला आणि पूर्वजांचे आगमन इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचे मानले.

या कालनिर्णयाला जोसेफसच्या ग्रंथाची पार्श्वभूमी आहे. त्या काळी जेरुसलेमवर सत्ता असलेल्या अँटिओकस राजाने तेथील मंदिर भ्रष्ट केले, इ. स. पूर्व १६४ मध्ये त्याचे शुद्धीकरण झाले आणि त्यातून हनुक्का हा सण सुरू झाला. जोसेफस त्याला दिव्यांचा सण म्हणतो. बेने इस्राएलांना हा सण पूर्वी ठाऊक नव्हता, म्हणून त्यांचे पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असा युक्तिवाद केला जातो. तो आकर्षक असला तरी निर्णायक नाही, कारण ज्या समाजाचे ग्रंथच बुडाले तो एखादा सण विसरूही शकतो. मात्र त्याच समाजाने शब्बाथ, सुंता आणि ‘शमा’ ही प्रार्थना जपली, हे त्या विस्मृतीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

जोसेफसचे ग्रंथ मुख्यतः ख्रिस्ती नकलकारांनी राखले. केहिमकरांचे १८९७ मध्ये पूर्ण झालेले हस्तलिखित इमॅन्युएल ओल्सवँगर यांच्या प्रयत्नाने १९३७ मध्ये तेल अवीवला छापले गेले.