आधी ओंजळ, मग लिटर

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाणाऱ्या चढावर अखंड खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ.स. 876 च्या शिलालेखातल्या 270 आणि 50 या आकड्यांतले शून्य जगप्रसिद्ध आहे. मात्र ते आकडे आले कशासाठी, हेही लहान मुलांना सांगण्याजोगे आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन 270 हात लांब आणि 187 हात रुंद होती, तर 50 हा आकडा फुलांच्या माळांचा. शेताचा आकार तिथे पेरायला किती द्रोण जव लागतात यावरून सांगितला आहे, आणि दर घाण्यामागे तेल्यांनी दरमहा पळीभर तेल द्यायचे होते. जमिनीला हात, धान्याला द्रोण, तेलाला पळी. जशी वस्तू तसे माप, हा मोजमापाचा पहिला धडा या खडकावर कोरलेला आहे.

शाळेत मात्र आपण बहुधा 1000 ग्रॅम म्हणजे 1 किलो या पाठांतरापासून सुरुवात करतो. मुलाची समज वेगळ्या वाटेने वाढते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले की, पसरट भांड्यातले पाणी उंच पेल्यात ओतले की साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुले पाणी वाढले असेच म्हणतात. त्यांना चूक म्हणून दटावू नये. पाणी त्यांनाच पुन्हा पुन्हा इकडून तिकडे ओतू द्यावे.

म्हणून क्रम असा असावा. आधी तुलना: दोन्ही हातांत दोन वस्तू घेऊन जड कोणती ते ठरवणे. मग स्वतःचे माप: बादली भरायला किती तांबे लागले? आईच्या ओंजळीत आणि मुलाच्या ओंजळीत तांदूळ सारखे मावत नाहीत, हे कळले की सर्वांना एकच माप का हवे ते मूल आपणहून विचारते. किलो-लिटर त्यानंतर यावेत.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात आजीची जुनी मापे असतील, तर ती जरूर बाहेर काढा. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. अर्धा आणि दुप्पट हातांनीच कळतात. एका मापट्यात गहू आणि दुसऱ्यात चुरमुरे भरून तराजूत टाका. माप तेच असले तरी पारडे गव्हाकडे झुकते, आणि धारकता व वजन या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे मुलाला दिसते. एक लिटर पाणी सुमारे एक किलो भरते. खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर मात्र बहुधा 910 ग्रॅम छापलेले असते. ते मुलांनाच वाचू द्या. आकारमानासाठी काठोकाठ भरलेल्या वाटीत बटाटा सोडा: सांडलेले पाणी मोजले की बटाट्याने किती जागा घेतली ते कळते.

देशात दशमान मापांचा कायदा 1956 मध्ये झाला आणि 1958 पासून ही मापे टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली. त्याआधी शेर-पायली गावोगावी वेगळी असल्याने फसगत होई. ही गोष्ट सांगितली की किलो-लिटरमागची निकड मुलांना पटते.

यंदा फराळ करताना पीठ, साखर आणि तेल मुलांनाच मोजू द्या. थोडे सांडेल, पण मोजमाप पक्के होईल.