पाच वॅटची जवारी

नागपूरच्या बर्डीवर आवाजाची कुठलीही वस्तू घ्यायला गेलं की दुकानदार आधी वॅट सांगतो आणि मग किंमत. मोदी नंबर दोनच्या गल्लीत माझ्या भाच्याने "गिटारसाठी पाच वॅटचा ट्यूब ॲम्प मिळेल का?" असं विचारलं, तेव्हा काउंटरमागचा माणूस थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "पाच वॅटमध्ये काय होते भाऊ? हा पाचशेचा घेऊन जा, घर हालते."

खोक्यावर छापलेले ते ५०० वॅट 'पीएमपीओ' जातीचे होते. सगळं काही जमून आलं तर क्षणभरापुरता गाठता येईल असा तो कागदावरचा आकडा. सलग वाजवताना त्यातले फार थोडे वॅट हाती लागतात. पण दुकानदाराचा समज आपल्या सगळ्यांचाच आहे. गणपतीच्या मांडवापासून लग्नाच्या हॉलपर्यंत आपण आवाज वॅटवर मोजत आलो.

कानाचा हिशेब वेगळा असतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला वीज दुप्पट करून भागत नाही, ती साधारण दहापट करावी लागते. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प्लिफायर ५ वॅटच्या फक्त दुप्पट मोठा ऐकू येतो. गिटारचे स्पीकर तर फार तरतरीत असतात. एक वॅट दिला की एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल आवाज देणारे स्पीकर सर्रास मिळतात. पाच वॅट दिले की त्यात सात डेसिबलची भर. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हे लक्षात घेतलं तर पाच वॅटमध्ये 'काय होते' ते कळतं. शेजारी दार वाजवतात.

मग भाच्याला पाचच वॅट का हवे होते? कारण तो ब्लूज वाजवतो, आणि ब्लूजला जो आवाज लागतो तो ॲम्प्लिफायर दमल्यावर निघतो. पन्नास वॅटचा ॲम्प घरात दमवणं शक्य नाही. पाच वॅटचा दमतो.

हे दमणं समजून घ्यायचं तर ट्यूबच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, आत डोकवावं लागतं. काचेच्या निर्वात नळीत मधोमध एक तापलेली नळी असते, कॅथोड. साधारण पावणेआठशे अंशांना ती इलेक्ट्रॉन सोडू लागते. बाहेरच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, दोन-अडीचशे व्होल्ट दिलेले असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी. गिटारकडून आलेला इवलासा विद्युतदाब या जाळीवर पोचतो आणि इलेक्ट्रॉनांची मोठी धार कमी-जास्त करतो. इंग्रजांनी याला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, हे नाव दिलं ते अगदी चपखल. नळाची चकती बोटाने हलवावी आणि धार हलावी, तसंच हे.

आता नळाला दोन मर्यादा असतात. पूर्ण उघडल्यावर आणखी उघडत नाही, पूर्ण बंद केल्यावर आणखी बंद होत नाही. गिटारची तार जोरात छेडली की व्हॉल्व्ह या दोन्ही टोकांना जाऊन धडकतो आणि स्वरलहरीचे माथे दबतात. ट्रान्झिस्टरचा साधा ॲम्प टोकाला पोचला की माथा सुरीने कापल्यासारखा सपाट करतो. व्हॉल्व्ह टोकाजवळ येतानाच मवाळ होत जातो, माथा गोलसर दाबतो. लहर दबली की तिच्यात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे नवे स्वर जन्माला येतात.

गिटारची पाचवी तार ११० हर्ट्झला लावलेली असते. तिला षड्ज माना. दुप्पट म्हणजे २२० हर्ट्झ, वरचा सा. तिप्पट ३३०, त्याच्या वरचा पंचम. चौपट, पुन्हा सा. पाचपट, गंधार. तंबोऱ्याजवळ बसलेल्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो म्हणून आपण तंबोरा चांगला लागला असं म्हणतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून, तारेखाली सुती धागा सरकवून जी जवारी काढतो, ती दुसरं काय करते? तार हलताना घोडीच्या किंचित गोलाव्याला चाटत राहते, तिची हालचाल सरळ राहत नाही, आणि वरचे स्वर उजळतात. तिथे लाकूड आणि धागा, इथे काच आणि निर्वात पोकळी. यंत्रणा निराळ्या आहेत. पण मूळ स्वराला थोडं वाकवून त्यातून त्याचेच नातेवाईक बोलवायचे, ही युक्ती एकच.

जवारीवर पहिल्यांदा नीट लिहिलं ते चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, १९२१ साली. तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा जुना नियम. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र तोही ठणठणीत ऐकू येतो, आणि त्याचं कारण घोडीत आहे, हे रामन यांनी दाखवलं. त्याआधी १९१० साली सरकारच्या अर्थखात्यातल्या नोकरीनिमित्त ते काही काळ नागपुरात होते. बर्डीवरून चालत जाता येईल अशा अंतरावर, गांधीसागराजवळ, त्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे. तिथे एका टेबलावर तंबोरा आणि शेजारी पाच वॅटचा ॲम्प ठेवावा, अशी माझी एक जुनी आणि निष्फळ इच्छा आहे.

ब्लूजवाल्यांना हे सगळं गरजेपोटी सापडलं. १९४३ साली मिसिसिपीहून शिकागोला आलेल्या मडी वॉटर्सची साधी गिटार तिथल्या दारूच्या अड्ड्यांतल्या गोंगाटात ऐकूच जात नव्हती. विजेची गिटार आली, तिच्याबरोबर छोटे ॲम्प आले, आणि लोकांना ऐकू जावं म्हणून त्यांचे कान पिळले गेले. १९५१ साली मेम्फिसमध्ये 'रॉकेट ८८' हे गाणं ध्वनिमुद्रित करायला निघालेल्या मंडळींचा ॲम्प वाटेत मोडला आणि फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून त्यांनी काम भागवलं, असं सांगतात. तो फाटका आवाज लोकांना आवडला. गवयाचा घसा बसला आणि त्याच गाण्याला वाहवा मिळाली, असाच काहीसा प्रकार. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९६६ साली मार्शलचा मोठा ॲम्प स्टुडिओत इतका चढवला की ध्वनिमुद्रण करणारे वैतागले. त्याच क्लॅप्टनने १९७० साली 'लैला' अल्बमच्या वेळी फेंडरचा चिमुकला चॅम्प वापरला: साधारण पाच वॅट, आठ इंची स्पीकर. रेकॉर्डवर तो छोटा वाटत नाही, कारण मायक्रोफोनला वॅट दिसत नाहीत.

आपल्याकडे ब्लूजचे मोठे मेळे भरतात ते मुंबईत. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला, तेव्हा ब्लूज गिटारवादक बडी गाय आला होता. नागपुरात त्या मानाने शुकशुकाट. पण या आवाजाचं यंत्र नागपूरकरांच्या घरात फार आधीपासून होतं, आणि त्यावर विणलेला रुमाल घातलेला असायचा.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत घराघरांत मर्फी, फिलिप्स, बुश यांचे व्हॉल्व्हचे रेडिओ आले. त्यांचं लायसन्स पोस्टात काढावं लागे. बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट काही व्हायचं नाही, मग आधी घरघर आणि तिच्यामागून बातम्या. तो अर्धा मिनिट म्हणजे कॅथोड तापण्याचा वेळ. यातल्या कितीतरी रेडिओंत स्पीकर हलवणारा शेवटचा व्हॉल्व्ह होता ईएल८४. फिलिप्सने १९५३ साली काढलेला, बोटभर उंचीचा, नऊ पायांचा. इंग्लंडमध्ये व्हॉक्स कंपनीने गिटारच्या ॲम्पसाठी हाच उचलला. एसी१५ मध्ये दोन, एसी३० मध्ये चार. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि 'बेल' असा शिक्का असलेले ईएल८४ गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांत पोचले. एकट्या ईएल८४ मधून साडेपाच वॅटच्या आसपास आवाज निघतो. त्यासाठी तो आत बारा वॅट खातो, उरलेल्याची उष्णता करतो. आजोबांचा रेडिओ म्हणजे शेवटच्या टप्प्यापुरता पाच वॅटचा ब्लूज ॲम्पच होता.

इथे एक इशारा देणं भाग आहे, कारण हे वाचून कुणीतरी माळ्यावरचा रेडिओ खाली काढेल. तसं करू नका. त्या काळच्या 'एसी-डीसी' सेटमध्ये ट्रान्स्फॉर्मरच नसायचा, आणि आतला पत्रा थेट घरच्या विजेला जोडलेला असू शकायचा. रेडिओला लाकडी पेटी होती, म्हणून चाललं. गिटारच्या तारा मात्र वाजवणाऱ्याच्या बोटांना लागतात. शिवाय आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही तीनशेच्या घरातला विद्युतदाब धरून बसतात. जाणकाराशिवाय आत हात घालायचा नाही.

निवडीकडे येऊ. भाच्याने यादी केली होती: कोणता एक वॅटचा, कोणता पाचचा, कोणता पंधराचा. मी त्याला आधी व्हॉल्व्ह मोजायला सांगितले. शेवटच्या टप्प्यात एकच व्हॉल्व्ह असेल तर तो लहरीच्या दोन बाजू सारख्या दाबत नाही, त्यामुळे दुप्पट कंपनांचा सूर, म्हणजे वरचा सा, ठळक येतो. आवाज भरीव आणि थोडा झोपाळू लागतो. दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करत असतील तर हे सम स्वर तिथे एकमेकांना बऱ्याच अंशी खोडतात आणि तिपटीचा पंचम पुढे येतो. आवाजाला धार येते. फेंडरचा ब्लूज ज्युनियर, व्हॉक्सचा एसी१५ हे दोन व्हॉल्व्हचे, पंधरा वॅटचे. छोट्या हॉलमध्ये ड्रमसोबत वाजवायचं तर तेच बरे. जोरात छेडल्यावर आतला विद्युतदाब क्षणभर बसतो आणि स्वर दबून पुन्हा फुलतो, हा लाडका गुणही मुख्यतः दोन व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये सापडतो. एका व्हॉल्व्हचा ॲम्प सतत जवळपास सारखीच वीज ओढतो, त्याचा दाब बसायला कारणच नसतं. विकणारे मात्र तो गुण दोन्हींना चिकटवतात.

एक वॅटचा घेतला म्हणजे शेजारी झोपतील, हेही खरं नाही. पाच आणि एक यांत सातच डेसिबलचं अंतर. रात्री वाजवायचं असेल तर हेडफोन लावून डिजिटल ॲम्प वापरावा. हे व्हॉल्व्हवाल्यांना कमीपणाचं वाटतं, मला वाटत नाही. बंद डोळ्यांनी ऐकणाऱ्याला फरक कळेलच असं नाही. बोटांना मात्र कळतो. व्हॉल्व्हवर हळू छेडलं तर स्वच्छ, थोडं दाबून छेडलं तर खरखरीत. एकाच तारेवर, बटणाला हात न लावता. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध तार ओढून ठेवणाऱ्या ब्लूजवाल्याला हे हवं असतं.

स्पीकरकडे कुणी बघत नाही, आणि चूक तिथेच होते. तीन डेसिबल जास्त देणारा स्पीकर म्हणजे फुकटात दुप्पट वॅट. उलट घरच्यासाठी मंद स्पीकर शोधावा.

उरली नागपूरची वीज आणि नागपूरचा मे. अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेला ॲम्प ११७-१२० व्होल्टचा असतो. व्होल्ट उतरवणारा ट्रान्स्फॉर्मर लावला तरी तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०ची, त्यामुळे फक्त साठसाठी बनवलेला ट्रान्स्फॉर्मर इथे जास्त तापतो. आणि कूलर. खिडकीतल्या कूलरच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र गिटारच्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घुसतं आणि घुंग असा आवाज येतो. विजेचे ५० हर्ट्झ आणि त्यांची दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झ, दोन्ही जवळपास खालच्या सप्तकांतली पांढरी पाच. भाचा उन्हाळ्यात त्याच पट्टीत वाजवतो. मला तो योगायोग वाटत नाही.

शेवटी त्याने पुण्याच्या एका मुलाकडून वापरलेला ॲम्प मागवला: सुरुवातीच्या टप्प्यात ईसीसी८३ हा व्हॉल्व्ह, शेवटी एक ईएल८४, आठ इंची स्पीकर. कुरियरने आला, लावला, सगळं मुकं. मागून वाकून पाहिलं तर ईएल८४ च्या टोकाला आतून दुधाळ पांढरा डाग. व्हॉल्व्हमध्ये उरलीसुरली हवा शोषायला बेरियमचा आरशासारखा चकचकीत थर दिलेला असतो. काच तडकून हवा शिरली की तो पांढरा पडतो. नवीन व्हॉल्व्ह आता स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनमधून येतात. आम्ही तो ॲम्प काखेत मारून पुन्हा बर्डीवर, एका जुन्या रेडिओवाल्या काकांकडे नेला.

काकांनी बिस्किटाच्या डब्यातून कागदात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह काढला, ट्यूबलाइटकडे धरून फिरवला. टोक आरशासारखं चकचकीत होतं आणि काचेवर पुसट 'बेल'. तो बसवून त्यांनी बटण दाबलं. भाच्याने लगेच तार छेडली. काहीच नाही.

"थांब ना बाबू," काका म्हणाले, "तापू तर दे त्याले."