पदवी येथील, नोंदणी तेथील : परदेशी जाणाऱ्या दंतवैद्यांसाठी

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, चितळसरला लागून. दुसरी डोंबिवली पूर्वेस, स्थानकाकडून येणारा मानपाडा रस्ता कल्याण-शीळ मार्गाला मिळतो त्या बाजूस. दोन्ही ठिकाणी शेताची व पाड्यांची जागा गेल्या काही दशकांत गृहसंकुलांनी घेतली. लोकवस्तीबरोबर औषधांची दुकाने आली, दवाखाने आले आणि दंतचिकित्सालयांच्या पाट्याही आल्या. नेरूळ, खारघर, कामोठे येथील दंत महाविद्यालये या भागातील विद्यार्थ्यांना शीळफाट्यामार्गे रोज ये-जा करता येईल इतक्या अंतरावर आहेत. त्यामुळे बी.डी.एस. झालेला मुलगा किंवा मुलगी असलेले घर येथे अपूर्वाईचे राहिलेले नाही.

पदवी हाती आल्यावरचा प्रश्न मात्र प्रत्येक घरात तोच असतो. स्वतःचा दवाखाना काढावयाचा तर गाळ्याची अनामत रक्कम, खुर्ची, कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र, निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह एवढ्याची तरतूद आधी करावी लागते. ती नसेल तर ज्येष्ठ दंतवैद्याकडे टक्केवारीवर काम करावे लागते. अशा वेळी अनेकांची दृष्टी परदेशाकडे वळते. कोणी उच्च शिक्षणासाठी जातो, कोणी नोकरीच्या शोधात, आणि अनेक तरुणी विवाहानंतर पतीबरोबर जातात. परदेशी जाण्यास व्हिसा लागतो हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तेथे रुग्णाच्या दाताला हात लावावयाचा तर आणखी एक, व्हिसाहूनही कठीण अनुज्ञा मिळवावी लागते, याची पुरती कल्पना पुष्कळांना विमानतळावर उतरल्यानंतरच येते.

पदवी सीमा का ओलांडत नाही?

या अटीमागे परदेशी लोकांचा दुराग्रह आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. आपल्या देशातही नियम असाच आहे. दंतवैद्यकाचे भारतातील पहिले महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे काढले. त्यांनी स्वतः अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची पदवी १९१५ मध्ये घेतली होती. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे. तरीही त्या काळी कोणाही माणसाने खुर्ची मांडून दात काढण्याचा व्यवसाय केला तर त्यास देशभर लागू असा प्रतिबंध नव्हता. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने तो घातला. नोंदणीपुस्तकाचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग केले गेले : पहिला मान्यताप्राप्त पदवीधरांचा, दुसरा पदवी नसूनही आधीपासून व्यवसाय करीत आलेल्यांचा. कोणत्या संस्थांच्या पदव्या मान्य, याच्या अनुसूची अधिनियमास जोडण्यात आल्या आणि परदेशी पदव्यांची अनुसूची वेगळी ठेवण्यात आली. त्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. परदेशातून पदवी घेऊन येणाऱ्याने येथे परीक्षा द्यावी, हे तत्त्व त्यातही आहे. म्हणजे पदवी ही विद्येची साक्ष होय. व्यवसायाचा परवाना हा त्या त्या देशाने आपल्या नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेला वेगळा दाखला होय.

या रक्षणाचा अर्थ एका लहानशा उदाहरणावरून ध्यानी येईल. आपल्या महाविद्यालयांत दातांना दोन अंकी क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत शिकविली जाते. जबड्याचे चार भाग कल्पून पहिला अंक भागाचा आणि दुसरा अंक मध्यरेषेपासून मोजलेल्या दाताचा, अशी ही रचना असते. या पद्धतीत १४ म्हणजे रुग्णाच्या वरच्या उजव्या बाजूची पहिली उपदाढ. अमेरिकेत मात्र वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ ते ३२ असे सलग क्रमांक धरतात. तेथे १४ म्हणजे वरच्या डाव्या बाजूची पहिली दाढ. क्रमांक एकच, दात निराळा आणि बाजूही उलटी. ब्रिटनमध्ये तिसरीच पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. चिठ्ठीवरील आकडा सवयीने वाचला गेला तर निरोगी दात उपटला जाण्याचा धोका आहे. रुग्णाची लेखी संमती, नोंदवही ठेवण्याची रीत, भूल दिल्यावर रुग्ण अत्यवस्थ झाला तर करावयाचे उपचार, या बाबींतही देशोदेशी भेद आहेत. परीक्षक तपासतात ते बव्हंशी हेच.

निरनिराळ्या वाटा

ब्रिटनमध्ये नोंदणीचा अधिकार जनरल डेंटल कौन्सिलकडे आहे. भारतीय पदवीधरास तेथे ‘ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन’ ही दोन भागांची परीक्षा द्यावी लागते. पहिला भाग लेखी, संगणकावरचा. दुसऱ्यात मानवी मस्तकाच्या प्रतिकृतीवर प्रत्यक्ष काम, निदान व उपचारयोजना, रुग्णाशी संभाषणाची व कौशल्याची लहान लहान स्थानके आणि तातडीचे वैद्यकीय उपचार यांची कसोटी असते. प्रत्येक भागासाठी चारच संधी मिळतात. इंग्रजीच्या आय.ई.एल.टी.एस. परीक्षेत एकूण ७ आणि कोणत्याही अंगात ६.५ पेक्षा कमी नाही, अशी गुणांची अपेक्षा असते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची एल.डी.एस. ही परीक्षा हा दुसरा पर्याय आहे.

खरी अडचण परीक्षेच्या काठिण्याहून जागांची आहे. कोविडच्या साथीमुळे २०२० मध्ये ही परीक्षा थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. दरम्यान उमेदवारांची रांग वाढत गेली. त्या रांगेत असलेला माणूस अभ्यासाने कितीही तयार असला तरी त्याला वाट पाहणे चुकत नाही. पूर्वी काही दंतवैद्य या काळात आपल्या पदवीच्या आधारे हायजीनिस्ट किंवा थेरपिस्ट म्हणून नोंदणी करून काम करीत. मार्च २०२३ पासून ती वाट बंद झाली आहे. जुन्या माहितीवर विसंबून निघालेल्यांनी याची विशेष नोंद घ्यावी. शिवाय नोंदणी झाली म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवेत काम मिळाले असे होत नाही. त्यासाठी ‘परफॉर्मर्स लिस्ट’ नावाच्या यादीत स्वतंत्र समावेश व्हावा लागतो व नवागतास बहुधा अनुभवी दंतवैद्याच्या देखरेखीखाली काही काळ काढावा लागतो. केवळ खासगी रुग्ण पाहणाऱ्यास ही यादी लागत नाही.

अमेरिकेची रीत याहून वेगळी आहे. तेथे परवाना प्रत्येक राज्याचे दंत मंडळ देते आणि बहुतेक राज्ये त्यांच्याच देशातील मान्यताप्राप्त शिक्षणाचा आग्रह धरतात. म्हणून भारतीय पदवीधरास साधारणतः दोन ते तीन वर्षांचा ‘अॅडव्हान्स्ड स्टँडिंग’ अभ्यासक्रम पुरा करून तेथील पदवी पुन्हा घ्यावी लागते. राष्ट्रीय मंडळाची जुनी दोन भागांची परीक्षा आता राहिली नसून तिची जागा आय.एन.बी.डी.ई. या एकत्रित परीक्षेने घेतली आहे. अनेक विद्यापीठांत या अभ्यासक्रमाचा एकूण खर्च एक कोटी रुपयांच्या पुढे जातो. कर्ज काढून जाणाऱ्या कुटुंबाने हा आकडा प्रवेशअर्जापूर्वीच समोर ठेवावा हे बरे. पतीच्या नोकरीमुळे अवलंबिताच्या व्हिसावर गेलेल्या तरुणीस तेथे शिक्षण घेता येते, परंतु नोकरी सरसकट करता येत नाही. पाच वर्षे खपून मिळविलेली विद्या घरात बसून राहण्याचे प्रसंग येथेच अधिक घडतात.

कॅनडात राष्ट्रीय दंत परीक्षा मंडळाने समकक्षतेची पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था केली आहे. मूलभूत ज्ञानाची परीक्षा, चिकित्सेतील विवेकाची परीक्षा आणि अखेरीस प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा. या शेवटच्या परीक्षेचे रूप २०२२ मध्ये बदलले आहे. या सर्वांनंतर ज्या प्रांतात काम करावयाचे तेथील संस्थेकडे पुन्हा नोंदणी करावी लागते. ऑस्ट्रेलियात डेंटल कौन्सिल आधी कागदपत्रांची छाननी करते, मग लेखी व त्यानंतर मेलबर्न येथे प्रात्यक्षिक परीक्षा घेते. लेखी परीक्षा जगातील निवडक शहरांतील केंद्रांवर देता येत असल्याने नोकरी न सोडता पहिला टप्पा पार पाडता येतो. आखाती देशांत काळ सर्वांत कमी लागतो. तेथे कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी, अनुभवाची अट व संगणकावरील परीक्षा असा क्रम असून दुबईसारख्या ठिकाणी परवाना नोकरी देणाऱ्या चिकित्सालयाशी जोडलेला असतो. म्हणजे नोकरी बदलली की परवान्याची व्यवस्थाही बदलावी लागते.

कागदपत्रे आणि नावाचा घोळ

या सर्व वाटांना लागणारी शिदोरी मात्र एकच आहे आणि ती येथूनच बांधून न्यावी लागते : पदवी प्रमाणपत्र, प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, आंतरवासिता पूर्ण केल्याचा दाखला, विषयवार तासांचा तपशील, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याच परिषदेचे सद्वर्तनाचे, म्हणजे ‘गुड स्टँडिंग’चे, प्रमाणपत्र. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी ठाणे-डोंबिवलीकडील विद्यार्थ्यांना पदवी मुंबई विद्यापीठाची मिळत असे. त्यामुळे जुन्या पदवीधरांना कागदांसाठी वेगळे दार ठोठवावे लागते. काही परदेशी संस्था हे कागद उमेदवाराच्या हातून घेत नाहीत, विद्यापीठाने किंवा परिषदेने ते थेट पाठवावेत अशी त्यांची अट असते. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात सहभागी आहे. राज्य पातळीवरील प्रमाणीकरणानंतर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल मोहोर घेतली की ती करारातील इतर देशांत ग्राह्य धरली जाते.

सर्वांत अधिक खोळंबा होतो तो नावामुळे. महाराष्ट्रातील गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव प्रथम, त्यानंतर स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पारपत्रावर आडनाव व दिलेले नाव असे दोन रकाने असतात. विवाहानंतर मुलीचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, क्वचित सासरी ठेवलेले नवे नावही कागदोपत्री येते. लंडन किंवा ओटावा येथील लिपिकास मराठी नावांची ही परंपरा ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने पदवी एका बाईची, नोंदणी दुसरीची आणि पारपत्र तिसरीचे. मग खुलाशाची पत्रे सुरू होतात, परीक्षेची तारीख निघून जाते आणि पुढली तारीख सहा महिन्यांनी किंवा वर्षाने येते. यावर उपाय साधे आहेत. महानगरपालिकेकडील विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढून ठेवावे, महाराष्ट्र शासन राजपत्रात नावातील बदल रीतसर प्रसिद्ध करून घ्यावा आणि हा बदल सर्व कागदांवर एकदमच करावा, अर्ध्यावर नव्हे. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही, हेही येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ज्या मुलीची पदवी व नोंदणी माहेरच्या नावाने आहे तिने निदान परदेशी नोंदणी होईपर्यंत तेच नाव ठेवले तर तिचे कित्येक महिने वाचू शकतील. घरातील वडीलधाऱ्यांनी याबाबत समजूतदारपणा दाखविणे इष्ट होय.

मधली वर्षे

परीक्षा, निकाल, पुन्हा परीक्षा यांत दोन-तीन वर्षे जाणे ही नवलाईची गोष्ट नाही. दंतवैद्यक ही हाताची विद्या आहे. दातातील पोकळी कोरताना चुकीची मुभा एखाद्या मिलिमीटरच्या अंशाइतकी असते आणि हा अंदाज सरावाने टिकतो, पुस्तकाने टिकत नाही. दुकानात किंवा गोदामात काम करीत परीक्षेची वाट पाहणाऱ्याचा हात या काळात बसतो. प्रात्यक्षिकात प्लास्टिकच्या दातावर मापाबरहुकूम काम करावयाचे असते. महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर केलेला सराव तोवर मागे पडलेला असतो. शिवाय अलीकडील काळात प्रत्यक्ष रुग्ण तपासले काय, असा प्रश्न अर्जांत विचारला जाऊ शकतो. या कारणास्तव लेखी परीक्षेचा टप्पा उरकेपर्यंत येथेच राहून, डोंबिवलीतील एखाद्या दवाखान्यात टक्केवारीवर का होईना, काम करीत राहणे अधिक शहाणपणाचे दिसते. त्या कामाचा दिनांकवार तपशील व ज्येष्ठ दंतवैद्याचे अनुभवपत्र पुढे अर्जाला जोडता येते.

‘परीक्षेविना थेट नोंदणी’ मिळवून देण्याची हमी देणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. वर उल्लेखिलेल्या कोणत्याही देशात मध्यस्थामार्फत नोंदणी मिळण्याची तरतूद नाही. अर्ज उमेदवाराने स्वतः, त्या त्या परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावर करावयाचा असतो आणि शुल्क व नियम बदलत असल्याने ते भरण्याच्या दिवशी तेथेच पाहावयाचे असतात. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखालील नोंदणी असणे आवश्यक आहे. तो क्रमांक मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

येथून निघताना महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी खंडित होऊ देऊ नये. तिचे नूतनीकरण वेळेवर केलेले असेल तरच सद्वर्तनाचे प्रमाणपत्र सुलभपणे मिळते. हे प्रमाणपत्र काही महिन्यांपुरतेच ग्राह्य असल्याने ते एकदाच नव्हे, तर प्रत्येक नव्या अर्जाबरोबर पुन्हा मागवावे लागते.