जंतूंचा माग

एका रुग्णालयातील जंतू दुसऱ्या रुग्णालयात जातो तो पुष्कळदा रुग्णाच्याच शरीरातून. कुंभकोणमहून तंजावरला व तेथून चेन्नईला हलविलेला एखादा रुग्ण कल्पिला, तर त्याच्या आतड्यांतील जंतूही तेवढाच प्रवास करतात. त्यांच्यावर प्रतिजैविके चालेनाशी झाली असतील, तर या प्रवासाचा माग काढणे अगत्याचे ठरते.

हा माग कसा काढतात हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनावरून कळते. कार्बापेनेम ही अखेरची आशा मानली जाणारी औषधे निष्प्रभ करणारे ‘एनडीएम-१’ हे विकर चेन्नईतील ४४ व हरियाणातील २६ जंतुनमुन्यांत आढळले. डीएनएचे तुकडे करून ते विद्युत्क्षेत्रात विलग केले, की पट्ट्यांची एक नक्षी उमटते. नक्षी जुळली की वंश एकच समजावयाचा. हरियाणातील क्लेब्सिएला न्यूमोनिए जंतू एकाच वंशाचे निघाले. म्हणजे तेथे एकच जंतू पसरला होता. चेन्नईतील जंतू मात्र नाना वंशांचे होते. तेथे प्रतिरोधाचे जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वलयावर होते, आणि ते वलय एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकत होते.

उपाय या भेदावर अवलंबून असतो. पहिल्या प्रकारात बाधित रुग्ण हुडकून, त्यांना वेगळे ठेवून साखळी तोडता येते. दुसऱ्या प्रकारात एकाच जंतूवर नजर ठेवल्यास जनुक निसटून जाते. म्हणूनच वंश व जनुक दोहोंची तपासणी व्हावी, आणि तिचा अहवाल रुग्णाच्या आधी पुढील रुग्णालयात पोहोचावा.