ग्रीन टी, लोह आणि कर्करोग

लोखंडी विळीवर आवळा चिरला की थोड्याच वेळात फोडी काळपट पडतात आणि विळीचे पातेही काळे होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई बनवत, तीही याच गुणावर. आवळा, हिरडा आणि चहाचे पान या तिघांत लोहाला धरून ठेवणारी तुरट द्रव्ये असतात. ‘ग्रीन टी प्या, कॅन्सर पळवा’ असे निरोप आपल्या मोबाइलवर रोज येतात. त्यांच्यामागे जे थोडे खरे विज्ञान आहे, त्याचा एक धागा या काळ्या डागापाशी सापडतो.

ग्रीन टीमधील मुख्य द्रव्याचे नाव एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, थोडक्यात ईजीसीजी. आता कर्करोगाच्या पेशीकडे पाहू. ती भराभर दुभंगते. प्रत्येक वेळी तिला नवा डीएनए लागतो आणि डीएनएचे घटक तयार करणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर लोहाशिवाय चालत नाही. म्हणून अशा अनेक पेशी रक्तातील लोह ओढून घेणारी दारे आपल्या अंगावर जास्त बसवतात. त्यांचे लोह बांधून टाकले तर? ही कल्पना हवेतली नाही. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शरीरातील जादा लोह काढणारे डेस्फेरिऑक्झामिन हे औषध कर्करोगावरही तपासून पाहिले गेले आहे. प्रयोगशाळेत ईजीसीजी टाकल्यावर कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावते, काही मरतातही.

पण हे सारे काचेच्या बशीत. तिथे ईजीसीजीचे प्रमाण बहुधा लिटरमागे 10 ते 100 मायक्रोमोल ठेवतात. एक-दोन कप पिणाऱ्या माणसाच्या रक्तात ते सहसा 1 मायक्रोमोलपर्यंतही पोहोचत नाही, कारण आतड्यातून ते फार थोडे शोषले जाते. शिवाय बशीतील द्रावणात ईजीसीजी हवेशी संयोग पावून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि पेशी त्यानेही मरतात. ते श्रेय चहाच्या खात्यावर जमा होते. माणसांवरील अभ्यासांचा मोठा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2020 मध्ये घेतला. ग्रीन टीने कर्करोग टळतो असे ठामपणे म्हणता येईल इतका एकसारखा पुरावा त्यात मिळाला नाही.

लोह धरण्याचा हाच गुण आपल्या जेवणात मात्र हमखास काम करतो, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. 1999 मधील एका अभ्यासात ब्रेडच्या न्याहारीबरोबर काळा चहा घेतल्यावर लोहाचे शोषण 79 ते 94 टक्क्यांनी घटले. दूध घातल्याने विशेष फरक पडला नाही. म्हणजे प्रश्न फक्त ग्रीन टीचा नाही, आपल्या रोजच्या दुधाच्या चहाचाही आहे. मटण-मासळीतील लोहाला ही अडचण कमी. भाकरी, डाळ, पालेभाजीतील लोहाला जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. कामावर निघताना चहा-चपाती खाऊन, त्याच चहाच्या घोटाबरोबर लोहाची गोळी गिळणारी ताई यात आहे. गोळी फुकट मिळते, पण तिच्यातले बरेचसे लोह चहा पळवतो.

उपाय खर्चाचा नाही. चहा जेवणानंतर निदान तासाभराने घ्यावा. 2017 मधील एका अभ्यासात एवढ्या अंतराने चहाचा अडथळा जवळपास निम्म्यावर आला. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. भाजीवर लिंबू पिळावे. विदर्भातील वाचकांसाठी एक सूचना: हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असे सिकलसेलमध्ये नसते. तपासणी न करता लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

ज्यांच्या घरी कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांना वेगळे सांगावे लागेल. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर बोर्टेझोमिब नावाचे औषध देतात. 2009 मध्ये अमेरिकेतील संशोधकांना पेशींवर आणि उंदरांवर असे दिसले की ईजीसीजी या औषधातील बोरॉनला चिकटते आणि औषध निकामी करते. पकडण्याची खोड इथेही आहे, फक्त लोहाऐवजी बोरॉन. रुग्ण बिचारा ‘फायदाच होईल’ म्हणून ग्रीन टीच्या कॅप्सूल घेतो आणि महागडे इंजेक्शन वाया जाण्याचा धोका पत्करतो. कॅप्सूलचा यकृतालाही धोका आहे. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी पोटात गेल्यास यकृताला इजा झाल्याच्या खुणा दिसतात, असे युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2018 मध्ये नोंदवले. कपभर साधा ग्रीन टी बहुतेकांना बाधत नाही. आवडत असेल तर खुशाल प्या. पण केमोथेरपी चालू असेल तर चहा, काढा, कॅप्सूल, चूर्ण, जे काही घेत असाल ते पिशवीत घालून न्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. त्यांनी विचारले नाही तरी.